एक दरवाजा, तीन बिऱ्हाडं: एकाच सर्व्हरवर रिव्हर्स प्रॉक्सीमागे अनेक अ‍ॅप कशी चालवायची

इतवारीतल्या होलसेल दुकानाचं बिलिंग, धरमपेठेतल्या क्लासचं फी-पोर्टल आणि एका मेसच्या डब्यांच्या ऑर्डरची साइट. नागपुरात छोट्या धंद्यांना सॉफ्टवेअर करून देणाऱ्याकडे असा संसार हळूहळू जमतोच. प्रत्येकासाठी वेगळा सर्व्हर घेतला तर भाडी तीन, अपडेट तीनदा, बॅकअप तीन ठिकाणी. खरं तर तिन्ही मिळून एका बेताच्या सर्व्हरचा कोपराही भरत नाही.

अडचण येते ती दाराची. वेबसाठी पोर्ट (मशीनची नंबर दिलेली दारं) ठरलेली आहेत, ८० आणि ४४३, आणि एका पत्त्यावरच्या एका पोर्टवर साधारणपणे एकच प्रोग्राम बसतो. दुसरं अ‍ॅप तिथेच सुरू करायला गेलात की ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ हे उत्तर मिळतं.

महालातल्या जुन्या वाड्यात बिऱ्हाडं सात असली तरी रस्त्याकडे दिंडी दरवाजा एकच असे. येणाऱ्याने नाव सांगायचं, दरवाज्यावरच्याने आत पोचवायचं. रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे हा दरवाज्यावरचा माणूस. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत ‘होस्ट’ नावाच्या हेडरमध्ये साइटचं नाव पाठवतो. प्रॉक्सी ते वाचून विनंती आतल्या योग्य पोर्टवर देतो. दोन गोष्टी पक्क्या धरा. कुठल्याही बिऱ्हाडाचं दार थेट रस्त्यावर उघडायचं नाही. आणि बाहेरच्याने दरवाज्यावर जे सांगितलं, ते आतल्यापर्यंत जसंच्या तसं पोचलं पाहिजे. पुढचे बहुतेक घोळ या दोहोंपैकी एक चुकल्यामुळे होतात.

आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग आणि इंग्रजी अंकच वापरायचे.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- स्वतःच्या ताब्यातलं डोमेन आणि त्याच्या डीएनएसचं (नावाला आयपी पत्ता जोडणाऱ्या यंत्रणेचं) लॉगिन. डोमेन ग्राहकाचं असेल तर ते ग्राहकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर असू द्या. पुढे वाद झाला तर हेच कामाला येतं.
- पब्लिक आयपी असलेला व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर), त्यावर उबंटू २४.०४ एलटीएस. याला २०२९ पर्यंत नेहमीचे सुरक्षा अपडेट आहेत.
- एसएसएच की, म्हणजे सर्व्हरवर दुरून शिरायची डिजिटल चावी. पासवर्डने लॉगिन नंतर बंदच करायचं आहे.
- भारतातल्या कंपनीकडून व्हीपीएस घेताना ओळखीची कागदपत्रं मागतील. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे व्हीपीएस देणाऱ्यांना ग्राहकाची पडताळलेली माहिती ५ वर्षं जपावी लागते. जीएसटी नंबर असेल तर तो पहिल्या बिलाच्या आधीच खात्यात भरा.
- एक वही किंवा साधी टेक्स्ट फाइल. कशासाठी, ते पायरी ३ मध्ये.

१. सर्व्हर कुठे ठेवायचा

घरातल्या जुन्या पीसीवर नको. घरगुती ब्रॉडबँडवर बरेचदा सीजीनॅट असतं, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला. राउटरच्या पानावर वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर बाहेरून कोणी तुमच्यापर्यंत पोचूच शकत नाही, कितीही पोर्ट फॉरवर्डिंग करा. शिवाय मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की कूलरच्या खोलीतली मशीन तापते, आणि नेमकी तेव्हाच लाइटही जाते. सरावासाठी घरची मशीन चांगली, ग्राहकाच्या बिलिंगसाठी नाही.

डेटासेंटर मुंबई किंवा हैदराबादचं निवडा. चार पैसे वाचतात म्हणून युरोपातलं घेतलंत तर फॉर्मवरची प्रत्येक क्लिक जड वाटेल.

तीन लहान अ‍ॅप आणि एक डेटाबेस यांना २ जीबी रॅम पुरते. १ जीबीवरही चालतं, पण एखादं अ‍ॅप बिल्ड करायला घेतलं की मेमरी संपते आणि लिनक्स कर्नल कुठली तरी प्रक्रिया मारतो. बहुतेकदा ती डेटाबेसची असते, कारण तीच सगळ्यांत मोठी. २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम संपली की वापरायची डिस्कवरची जागा) पहिल्याच दिवशी करून ठेवा.

२. नावं लावा

प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र सबडोमेन द्या: बिल, क्लास, डबा. तिन्हींचं ‘ए’ रेकॉर्ड, म्हणजे नावासमोर आयपी लिहिलेली डीएनएसची नोंद, एकाच आयपीवर. टीटीएल (जुनं उत्तर किती सेकंद जपायचं तो आकडा) ३०० ठेवा, म्हणजे चुकलं तरी पाच मिनिटांत सुधारता येतं.

‘एकच डोमेन घेऊन /बिल, /क्लास असं केलं तर?’ हे सगळेच विचारतात. होतं, पण नका करू. अ‍ॅपमधल्या सीएसएसचे आणि चित्रांचे पत्ते बहुधा मुळापासून, म्हणजे ‘/’ पासून लिहिलेले असतात. ते दुसऱ्याच अ‍ॅपकडे जातात आणि पान उघडं-बोडकं दिसतं. लॉगिनच्या कुकीही एकमेकांवर चढतात. सबडोमेनला पैसे लागत नाहीत.

एक छुपा सापळा: जुन्या होस्टिंगचं ‘एएएए’ रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता, तसंच पडून राहतं. तुमच्या मोबाइलवर साइट दिसते, शेजाऱ्याच्या मोबाइलवर जुनं पान येतं आणि सर्टिफिकेट काही केल्या मिळत नाही. नवीन सर्व्हरला आयपीव्ही६ लावलं नसेल तर ते रेकॉर्ड काढूनच टाका.

३. अ‍ॅप आतल्या पत्त्यावर बसवा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. वहीत तक्ता करा: अ‍ॅपचं नाव, पोर्ट, लिनक्स युजर, डेटाबेस, कोड कुठल्या फोल्डरमध्ये. समजा बिल ३००१ वर, डबा ३००२ वर. क्लासचं पोर्टल पीएचपीचं असेल तर त्याला पोर्ट लागत नाही. पीएचपी-एफपीएमचं (पीएचपी चालवणाऱ्या सर्व्हिसचं) सॉकेट असतं, ते तक्त्यात लिहा.

अ‍ॅप कुठल्या पत्त्यावर ऐकतंय हे महत्त्वाचं. ०.०.०.० म्हणजे सगळीकडून येऊ द्या. १२७.०.०.१ म्हणजे फक्त याच मशीनवरून. आपल्याला दुसरं हवं. बऱ्याच फ्रेमवर्कचं मूळ सेटिंग पहिलं असतं, म्हणून गृहीत न धरता ‘एसएस -टीएलएनपी’ चालवा. यादीत ‘१२७.०.०.१:३००१’ दिसलं तर ठीक. ‘०.०.०.०:३००१’ किंवा ‘*:३००१’ दिसलं तर बिऱ्हाडाचं दार रस्त्यावर उघडं आहे.

डॉकर वापरणाऱ्यांनी इथे थांबून वाचा. ‘-पी ३००१:३०००’ असं लिहिलं की डॉकर ते पोर्ट सगळ्या पत्त्यांवर उघडतो, आणि त्यासाठी आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम घालतो. ते यूएफडब्ल्यू फायरवॉलच्या आधी लागतात. म्हणजे यूएफडब्ल्यूच्या यादीत पोर्ट बंद, आणि प्रत्यक्षात जगाला उघडं. डेटाबेसचा कंटेनर असा उघडा राहिला तर तो कोणाला तरी सापडायला वेळ लागत नाही. उपाय एका शब्दाचा: ‘-पी १२७.०.०.१:३००१:३०००’. डेटाबेसचं पोर्ट तर बाहेर काढूच नका, डॉकरच्या आतल्या नेटवर्कवर राहू द्या.

प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळा लिनक्स युजर करा. तिन्ही एकाच युजरवर असली तर डब्याच्या साइटमधल्या एका भोकातून शिरलेला माणूस बिलिंगच्या ‘.एन्व्ह’ फाइलमधला पासवर्डही वाचतो. डेटाबेसचं इंजिन एकच चालेल, पण आत डेटाबेस तीन आणि युजर तीन.

अ‍ॅप टर्मिनलमध्ये हाताने सुरू करून खिडकी बंद केली की अ‍ॅपही गेलं. सिस्टमडीची (लिनक्सवर प्रोग्राम आपोआप सुरू ठेवणाऱ्या व्यवस्थेची) सर्व्हिस फाइल लिहा, त्यात ‘रिस्टार्ट=ऑलवेज’ आणि ‘मेमरीमॅक्स=४००एम’ अशी मर्यादा. मर्यादेमुळे एक अ‍ॅप फुगलं तरी तेच पडतं, शेजारी वाचतात. लिहून झाल्यावर ‘सिस्टमसीटीएल इनेबल’ विसरू नका.

पुढे जाण्याआधी सर्व्हरवरच ‘कर्ल -आय एचटीटीपी://१२७.०.०.१:३००१’ करून बघा. २०० किंवा ३०२ आलं पाहिजे. इथेच उत्तर येत नसेल तर प्रॉक्सी लावून येणार नाही.

४. फायरवॉल

क्रम महत्त्वाचा: आधी ‘यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच’, मग ८० आणि ४४३, शेवटी ‘यूएफडब्ल्यू इनेबल’. उलटं केलंत तर स्वतःच बाहेर अडकाल आणि कंपनीच्या वेब कन्सोलमधून आत शिरावं लागेल. कंपनीच्या पॅनेलवर आणखी एक फायरवॉल असते, ८० आणि ४४३ तिथेही उघडा. पोर्ट ८० ‘आपण तर एचटीटीपीएस वापरणार’ म्हणून बंद ठेवू नका, सर्टिफिकेटला ते लागतं.

५. एन्जिनएक्स

कॅडीसारखे प्रॉक्सी सर्टिफिकेटचं कामही आपणहून करतात आणि एकट्याच्या छोट्या कामाला छान आहेत. इथे एन्जिनएक्स घेतलंय, कारण अडलात तर मदत याच्याबद्दलच सगळ्यांत जास्त मिळते.

‘साइट्स-अव्हेलेबल’ फोल्डरमध्ये प्रत्येक अ‍ॅपची स्वतंत्र फाइल. बिलिंगची अशी:

    सर्व्हर {
      लिसन ८०;
      सर्व्हर_नेम बिल.तुमचं-डोमेन.इन;
      क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ २०एम;
      लोकेशन / {
        प्रॉक्सी_पास एचटीटीपी://१२७.०.०.१:३००१;
        प्रॉक्सी_सेट_हेडर होस्ट $होस्ट;
        प्रॉक्सी_सेट_हेडर एक्स-रिअल-आयपी $रिमोट_अ‍ॅडर;
        प्रॉक्सी_सेट_हेडर एक्स-फॉरवर्डेड-फॉर $प्रॉक्सी_अ‍ॅड_एक्स_फॉरवर्डेड_फॉर;
        प्रॉक्सी_सेट_हेडर एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो $स्कीम;
      }
    }

मग ‘साइट्स-इनेबल्ड’मध्ये सिमलिंक (मूळ फाइलकडे नेणारा दुवा), ‘एन्जिनएक्स -टी’ ने तपासणी आणि ‘सिस्टमसीटीएल रीलोड एन्जिनएक्स’. रीस्टार्ट नको. फाइलमध्ये चूक असेल तर रीलोडमध्ये जुनी सेटिंग चालू राहते, रीस्टार्टमध्ये तिन्ही साइट एकदम बसतात. एका सर्व्हरवर अनेकांचा संसार असला की ही सवय हवीच.

या आठ-दहा ओळींतले सापळे:

होस्टची ओळ गाळली तर अ‍ॅपला नाव म्हणून ‘१२७.०.०.१:३००१’ मिळतं, आणि पासवर्ड बदलण्याच्या ईमेलमध्ये तीच लिंक ग्राहकाला जाते.

‘प्रॉक्सी_सेट_हेडर’ वरच्या पातळीवर एकदाच लिहून ठेवता येतात. पण लोकेशनच्या आत अशी एक जरी ओळ लिहिलीत, तर वरच्या सगळ्या रद्द होतात. त्यांत भर पडत नाही. ‘कालपर्यंत चालत होतं, फक्त एक हेडर वाढवला’ यामागे हेच असतं. चारही ओळी एका छोट्या फाइलमध्ये ठेवा आणि जिथे लागतील तिथे ‘इन्क्लूड’ करा.

‘प्रॉक्सी_पास’मध्ये लोकलहोस्ट न लिहिता १२७.०.०.१ लिहा. लोकलहोस्टचा अर्थ आयपीव्ही६ चा ‘::१’ असाही होतो. अ‍ॅप तिथे ऐकत नसेल तर लॉगमध्ये उगाच चुकांचा पाऊस पडतो.

पत्त्याच्या शेवटी ‘/’ द्यायचा की नाही? वरच्यासारखं ‘लोकेशन /’ असेल तर फरक पडत नाही. ‘लोकेशन /एपीआय/’ असेल तर पडतो. शेवटी ‘/’ दिला की ‘/एपीआय/’ हा भाग कापून पुढचाच अ‍ॅपला जातो. नाही दिला तर पूर्ण जातो. अ‍ॅपला काय हवं ते बघून ठरवा.

‘साइट्स-इनेबल्ड’मध्ये बॅकअप कॉपी ठेवू नका. एन्जिनएक्स तिथली प्रत्येक फाइल वाचतो, ‘बिल.जुनं’ सुद्धा. मग ‘कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम’ एवढा इशारा देऊन दोहोंपैकी एक गुपचूप सोडून देतो, आणि तुम्ही बदल करत बसता त्याच फाइलमध्ये.

अनोळखी नावाने आलेली विनंती पहिल्या सर्व्हर ब्लॉकला मिळते, आणि पहिला म्हणजे फाइलच्या नावानुसार पहिला. नुसता आयपी टाकणाऱ्याला एखाद्या ग्राहकाची साइट दिसावी हे बरं नाही. ‘लिसन ८० डिफॉल्ट_सर्व्हर’ आणि ‘रिटर्न ४४४’ अशी एक वेगळी फाइल ठेवा. ४४४ म्हणजे उत्तर न देता जोडणी तोडणं, हा एन्जिनएक्सचा स्वतःचा कोड आहे.

डब्याच्या ऑर्डर स्वयंपाकघरातल्या स्क्रीनवर आपोआप येत असतील तर तिथे वेबसॉकेट, म्हणजे सतत उघडी राहणारी जोडणी, आहे. त्याच्या लोकेशनमध्ये ‘प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्जन १.१’, ‘अपग्रेड $एचटीटीपी_अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन "अपग्रेड"’ हे वाढवा. एवढं करूनही स्क्रीन बरोब्बर एका मिनिटाने गोठते का? ‘प्रॉक्सी_रीड_टाइमआउट’ मुळात ६० सेकंद असतो. दुपारी चार वाजता ऑर्डर नसतात, मिनिटभर काही आलं नाही की प्रॉक्सी जोडणी कापतो. तो वाढवा, किंवा अ‍ॅपकडून दर ३० सेकंदांनी पिंग पाठवा. दुसरा उपाय जास्त चांगला.

६. सर्टिफिकेट

एचटीटीपीएससाठी लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत आणून देणारं सर्टबॉट आणि त्याचं एन्जिनएक्स प्लगइन टाका आणि ‘सर्टबॉट --एन्जिनएक्स -डी बिल.तुमचं-डोमेन.इन’ चालवा. ४४३ चा भाग तो स्वतः फाइलमध्ये लिहितो. प्रत्येक अ‍ॅपचं सर्टिफिकेट वेगळं घ्या. तिन्ही नावं एकात घातली आणि उद्या क्लासवाले दुसरीकडे गेले, तर नूतनीकरण तिघांचंही अडतं.

लेट्स एन्क्रिप्टच्या मर्यादा आहेत: एका नावाची पडताळणी तासाला ५ वेळा फसली की थांबावं लागतं, आणि तीच नावं असलेली सर्टिफिकेटं आठवड्याला ५ च मिळतात. म्हणून आधी ‘सर्टबॉट सर्टओन्ली’ला ‘--ड्राय-रन’ जोडून बघा. तिथे पाहिजे तितकं चुका.

नेहमीच्या सर्टिफिकेटची मुदत ९० दिवस असते आणि ती पुढे आणखी कमी होणार आहे. सर्टबॉटचा टायमर नूतनीकरण आपोआप करतो. पण संपत आल्याची आठवण करून देणारे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने २०२५ च्या जूनमध्ये बंद केले. मुदतीवर नजर ठेवणारं एखादं मॉनिटर लावा.

सर्टिफिकेट मिळालं की ते नाव सार्वजनिक नोंदीत जातं. ‘टेस्ट-अ‍ॅडमिन’ असं सबडोमेन केलंत आणि कोणाला सांगितलं नाहीत, तरी बॉट थोड्याच वेळात दार ठोठावतात. काहून आले म्हणून चकित होऊ नका. लपवायचं असेल तर पासवर्ड लावा.

७. अ‍ॅपला सांगा की पुढे प्रॉक्सी आहे

‘टू मेनी रिडायरेक्ट्स’ ही तक्रार इथली. बाहेर एचटीटीपीएस आहे, पण प्रॉक्सी ते अ‍ॅप हा आतला प्रवास साध्या एचटीटीपीने होतो. अ‍ॅपला वाटतं ग्राहक असुरक्षित मार्गाने आला, ते त्याला एचटीटीपीएसवर धाडतं, तो पुन्हा तसाच आत येतो, पुन्हा धाडतं. ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडर याच्यासाठीच आहे, पण अ‍ॅपने त्यावर विश्वास ठेवायला हवा.

- जँगो: ‘सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर’, ‘अलाउड_होस्ट्स’ आणि ‘सीएसआरएफ_ट्रस्टेड_ओरिजिन्स’. शेवटच्यात ४.० पासून ‘एचटीटीपीएस://’ सकट नाव लागतं.
- एक्सप्रेस: ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ला ‘लूपबॅक’ द्या. ‘ट्रू’ नको.
- लाराव्हेल: ट्रस्ट-प्रॉक्सीजमध्ये १२७.०.०.१. पण पीएचपी थेट एफपीएम सॉकेटवर असेल तर यातलं काही लागत नाही.

‘सगळ्यांवर विश्वास’ का नको? ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ हेडर कोणीही घरबसल्या बनवून पाठवू शकतो. अ‍ॅपने डोळे मिटून तो मानला तर लॉगिनच्या चुकीच्या प्रयत्नांवरची मर्यादा दरवेळी नवा खोटा आयपी देऊन चुकवता येते.

पुढे क्लाउडफ्लेअरचा नारिंगी ढग (त्यांचा प्रॉक्सी चालू असल्याची खूण) लावला असेल तर एसएसएल मोड ‘फुल (स्ट्रिक्ट)’ ठेवा. ‘फ्लेक्झिबल’मध्ये तो तुमच्यापर्यंत साध्या एचटीटीपीने येतो, तुमचा एन्जिनएक्स त्याला एचटीटीपीएसवर धाडतो आणि तेच रहाटगाडगं सुरू.

८. बिघाड कुठे शोधायचा

‘/व्हार/लॉग/एन्जिनएक्स/एरर.लॉग’ एका खिडकीत ‘टेल -एफ’ ने उघडा आणि मगच ब्राउझरमध्ये पान उघडा.

५०२: प्रॉक्सी जिवंत, अ‍ॅप नाही. लॉगमध्ये ‘१११: कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल तर अ‍ॅप बंद आहे किंवा पोर्ट चुकलंय, वही बघा. ‘१३: परमिशन डिनाइड’ असेल आणि मशीन अल्मा किंवा रॉकी लिनक्सची असेल तर एसईलिनक्स अडवतोय, ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट’ चालू करा. उबंटूवर हीच ओळ दिसली तर एफपीएमच्या सॉकेटच्या परवानग्या तपासा.

५०४: अ‍ॅपने ६० सेकंदांत उत्तर दिलं नाही. टाइमआउट वाढवणं ही पळवाट आहे. मार्चअखेरचा वर्षभराचा रिपोर्ट मागे रांगेत टाकून तयार झाल्यावर दाखवा.

४१३: अपलोड मोठं. एन्जिनएक्सची मूळ मर्यादा फक्त १ एमबी आहे, मोबाइलचा एक फोटो त्याहून मोठा असतो. पीएचपीच्या ‘अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ’ आणि ‘पोस्ट_मॅक्स_साइझ’ वेगळ्या वाढवाव्या लागतात.

तिन्ही साइट एकदम बंद: आधी ‘डीएफ -एच’. डॉकरचे लॉग मूळ सेटिंगमध्ये कापलेच जात नाहीत आणि डिस्क भरेपर्यंत वाढतात. ‘मॅक्स-साइझ १०एम’ आणि ‘मॅक्स-फाइल ३’ घाला.

लॉग कापतानाही भान ठेवा. उबंटूवर एन्जिनएक्सचे लॉग १४ दिवसच राहतात. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. ग्राहक कंपनी असेल तर लॉगरोटेटमधला आकडा बदला.

९. बॅकअप आणि रीबूट

बहुतेक व्हीपीएसचं घड्याळ यूटीसीवर असतं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) रात्री २ चा बॅकअप लावलात तर तो आपल्या सकाळी साडेसातला चालतो, नेमका मेसच्या ऑर्डर येतात तेव्हा. रात्री २ ला हवा असेल तर यूटीसीची वेळ २०:३० लिहा. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवून उपयोग नाही, दुसरीकडे पाठवा. आणि महिन्यातून एकदा खरोखर परत लावून बघा.

ग्राहकांना चाव्या देण्याआधी एखाद्या रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर, सर्व्हर सरळ ‘रीबूट’ करा आणि हात न लावता पाच मिनिटं थांबा. मग तिन्ही साइट मोबाइल डेटावरून उघडा, घरच्या वायफायवरून नको. जी उठली नाही तिचं ‘सिस्टमसीटीएल इनेबल’ राहिलंय, किंवा डॉकरमध्ये ‘रिस्टार्ट: अनलेस-स्टॉप्ड’ लिहायचं राहिलंय. तिन्ही उठल्या की वहीत तारीख टाका, आणि चौथ्या अ‍ॅपसाठी ३००३ ची ओळ रिकामी सोडा.